यूकेतून कायमचं परत येतोय, पुण्याचा फ्लॅट आधी विकू का नंतर? (टॅक्सचा घोळ)

रीडिंगवाला

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून आधीच माफी मागून ठेवतो.

ऑगस्ट २०१५ मध्ये यूकेला आलो, तेव्हापासून इथेच. पासपोर्ट भारतीयच, इथे आयएलआर (कायम राहायची परवानगी) आहे. आता आईबाबांचं वय झालंय, मुलगी सहावीत जाईल, आत्ता नाही गेलो तर मग जाणं होणार नाही असं घरात ठरलंय. २०२६ मध्ये परत. जूनमध्ये का ऑक्टोबरमध्ये ते अजून नक्की नाही, बायको म्हणते जून, ऑफिस म्हणतंय सप्टेंबरपर्यंत थांब.

पुण्यात सिंहगड रोडला एक टूबीएचके आहे, २०१२ मध्ये ४८ लाखाला घेतलेला. २२ हजार भाडं येतं, एनआरओ खात्यात (एनआरआयचं भारतातल्या उत्पन्नाचं खातं). भारतात दरवर्षी रिटर्न भरतो, आयटीआर-२, त्यात भाडं दाखवतो, टॅक्स भरतो. त्या बाबतीत मी साफ आहे. आता एक गिऱ्हाईक आलंय, १ कोटी १० लाख द्यायला तयार आहे आणि त्याला फेब्रुवारीतच व्यवहार करायचाय. पैसे आले की त्यात भर घालून आईबाबांच्या जवळ मोठा फ्लॅट घ्यायचा विचार आहे.

इकडे रीडिंगला २०१९ मध्ये घेतलेलं घर आहे, त्यावर मॉर्गेज आहे. ते विकायचं जिवावर येतंय, भाड्याने द्यावं असं वाटतं. शिवाय शेअर्सची आयसा (इथलं टॅक्सफ्री गुंतवणूक खातं) आहे आणि कंपनीची पेन्शन.

तर प्रश्न असा की फ्लॅट आत्ता एनआरआय असताना विकू का परत आल्यावर? आणि परत आल्यावर इकडच्या घराचं, आयसाचं तिकडे काय होतं? मित्राचा सीए म्हणाला आत्ता विकून टाक, सोपं आहे. दुसरा म्हणाला टीडीएसमध्ये (घेणारा पैसे देतानाच टॅक्स कापतो त्यात) मरशील. डोकं फिरलंय.

उडता_गालिचा

भाऊ जास्त विचार करू नका, गिऱ्हाईक आलंय ना, देऊन टाका. पुण्यात रीसेलला गिऱ्हाईक मिळणं म्हणजे काय असतं ते मला विचारा, माझा फ्लॅट दोन वर्षं पडून होता. टीडीएस कापला तर कापला, रिटर्न भरलं की रिफंड येतो. एनआरआय असताना विकलं काय आणि रेसिडेंट असताना विकलं काय, नफ्यावर साडेबारा टक्के टॅक्स सगळ्यांना सारखाच आहे.

जमाखर्च

गालिचासाहेब, शेवटचं वाक्य चुकीचं आहे आणि ह्या प्रश्नात नेमकं तेच महत्त्वाचं आहे.

२३ जुलै २०२४ ला बजेटमध्ये इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) काढलं आणि साडेबारा टक्के सरसकट केलं, तेव्हा बोंबाबोंब झाली. मग दुरुस्ती आली की त्या तारखेच्या आधी घेतलेली जमीन किंवा घर असेल तर जुन्या पद्धतीने, म्हणजे इंडेक्सेशन लावून २० टक्क्यांनी हिशोब करा, आणि दोन्हीत जो टॅक्स कमी येईल तो भरा. पण ही सवलत फक्त रेसिडेंट व्यक्तींना आणि एचयूएफना (हिंदू अविभक्त कुटुंबांना) आहे. एनआरआयना नाही. पुष्कळ जणांनी बातमीचा फक्त मथळा वाचला आणि सगळ्यांना मिळते असं धरून चालले.

आता रीडिंगवाल्यांचे आकडे घ्या. आत्ता विकला तर नफा ६२ लाख, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ७ लाख ७५ हजार, वर सरचार्ज आणि सेस. रेसिडेंट होऊन विकला तर २०१२-१३ चा इंडेक्स २००, २०२५-२६ चा ३७६ (पुढच्या वर्षांचा खाली तर जाणार नाही), म्हणजे ४८ लाखाची किंमत झाली ९० लाख २४ हजार. नफा उरला १९ लाख ७६ हजार, त्याचे २० टक्के म्हणजे साधारण ३ लाख ९५ हजार. जवळजवळ निम्मा.

आणि टीडीएसचं बघा. विकणारा रेसिडेंट असेल तर घेणारा १ टक्का कापतो, तुमच्या केसमध्ये १ लाख १० हजार, विषय संपला. विकणारा एनआरआय असेल तर कलम १९५ लागतं. कायद्याने नफ्यावरच कापायला हवं, पण तुमचा नफा किती ते घेणारा स्वतःच ठरवू शकत नाही, म्हणून घाबरून तो पूर्ण किमतीवर कापतो. १ कोटीच्या वर रक्कम म्हणून १५ टक्के सरचार्ज, मग ४ टक्के सेस, सगळं धरून १४.९५ टक्के होतात. म्हणजे १ कोटी १० लाखावर सुमारे साडेसोळा लाख अडकले. ते टाळायचं तर आधी फॉर्म १३ भरून कमी टीडीएसचं सर्टिफिकेट काढायचं, आयकर खात्याच्या ट्रेसेस साइटवर ऑनलाइन होतं, पण तुमची फाइल इंटरनॅशनल टॅक्सेशनच्या ऑफिसरकडे जाते आणि त्याला वेळ लागतो. फेब्रुवारीत व्यवहार म्हणजे आजच बसायला हवं.

दोन पर्याय समोर ठेवले तर मी परत येऊन विकेन. कधी यायचं हा वेगळा मुद्दा, त्यावर रात्री लिहितो, आता कामाला लागतो.

एकदा_पोळलेली

मी ह्या गोष्टीत दुसऱ्या बाजूला होते, म्हणजे घेणारी. २०१९ मध्ये ठाण्यात फ्लॅट घेतला, विकणारे गृहस्थ अमेरिकेत, पॉवर ऑफ ॲटर्नी त्यांच्या भावाकडे. एजंट म्हणाला १ टक्का कापा आणि भरा, सगळे तेच करतात. आम्ही भोळे, २६क्यूबी (तो १ टक्का भरायचा फॉर्म) भरला, मोकळे झालो. दोन वर्षांनी नोटीस. विकणारा नॉनरेसिडेंट आहे, तुम्ही १९५ खाली कापायला हवं होतं, आता फरक तुम्ही भरा वर व्याज. एजंट फोन उचलेना, विकणारे म्हणाले मी माझा टॅक्स भरलाय तुमचं तुम्ही बघा. सीएच्या फिया गेल्या त्या वेगळ्या आणि झोप उडाली ती वेगळी.

म्हणून रीडिंगवाले, तुमच्या गिऱ्हाइकाला तुम्ही एनआरआय आहात हे स्पष्ट सांगितलंय का? कारण मग त्याला टॅन (टॅक्स कापणाऱ्याचा नंबर) काढावा लागेल, नुसत्या पॅनवर चालणार नाही, कापलेल्या टॅक्सचं २७क्यू रिटर्न भरावं लागेल, तुम्हाला टॅक्स कापल्याचा फॉर्म १६ए द्यावा लागेल. अर्धे लोक हे ऐकूनच पळतात. लपवू मात्र नका हो, आमच्यासारखी कोणाची तरी वाट लागते.

आणि हो, तुमचा भाडेकरू भाड्यातून कापतो का? त्यालाही लागू आहे, एनआरआय मालकाला भाडं देताना पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के कापायचे असतात, रेसिडेंट मालकासारखी ५० हजार महिन्याची मर्यादा तिथे नाही.

रीडिंगवाला

बापरे. नाही, भाडेकरू काहीच कापत नाही, पूर्ण २२ हजार टाकतो. मी रिटर्नमध्ये दाखवून टॅक्स भरतो, मला वाटलं संपलं. गिऱ्हाइकाला मी यूकेत असतो एवढं माहितीये, टॅनचं वगैरे काही बोलणं नाही झालं.

पण समजा मी मोठा फ्लॅट घेतलाच तर कलम ५४ मध्ये सगळाच नफा माफ होतो ना? मग साडेबारा काय आणि वीस काय, शून्यच. मित्राचा सीए म्हणूनच सोपं आहे म्हणाला असेल.

थेम्सकाठी

थांबा थांबा. तुम्ही सगळे फक्त भारताचं बोलताय. हा माणूस आत्ता यूकेचा रेसिडेंट आहे!! यूकेत राहणाऱ्याला जगभरच्या उत्पन्नावर इथे टॅक्स आहे. ६ एप्रिल २०२५ पर्यंत नॉनडॉम (यूके हे मूळ घर नसलेल्या) लोकांना रेमिटन्स बेसिस होता, म्हणजे बाहेरचा पैसा इथे आणला नाही तर टॅक्स नाही असा पर्याय घेता यायचा, तो आता पूर्ण बंद झाला. नवीन आलेल्यांना पहिली ४ वर्षं सूट आहे, तुम्ही १० वर्षांपूर्वी आलात, तुम्हाला ती नाही.

म्हणजे फेब्रुवारीत फ्लॅट विकलात तर तो नफा इथल्या रिटर्नमध्ये, म्हणजे सेल्फ असेसमेंटमध्ये दाखवायचा, पौंडात. आणि पौंडात म्हणजे घेतलं त्या दिवसाचा रेट आणि विकलं त्या दिवसाचा रेट वेगवेगळा लावून. समजा २०१२ चा ८५ धरला आणि आत्ताचा ११८, तर साधारण ५६,५०० ला घेतला ९३,२०० ला विकला, नफा ३६,७०० च्या आसपास. ३,००० वार्षिक सूट गेली, उरलेल्यावर वरच्या स्लॅबला २४ टक्के, म्हणजे ८,१०० पौंड. भारतात टॅक्स भरला असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, मग इथे फारसं उरत नाही. पण तुम्ही कलम ५४ लावून भारतात शून्य केलंत की क्रेडिटही शून्य! ५४ वगैरे एचएमआरसी (इथलं टॅक्स खातं) ओळखत नाही. एका हाताने वाचवलं ते दुसऱ्या हाताने इथे द्यायचं. हा सापळा आमच्या ओळखीत दोघांना बसलाय.

आणि आता नाजूक विषय. ते २२ हजार भाडं तुम्ही इथे दाखवत होतात का गेली दहा वर्षं? आणि एनआरई एफडी (परदेशातून पाठवलेल्या पैशाची) असेल तर तिचं व्याज? कारण ते भारतात टॅक्सफ्री असतं पण इथे नसतं.

रीडिंगवाला

...नाही. भारतात भरला म्हणून इथे दाखवलं नाही. एनआरई एफडी आहे, ९ लाखाची.

मी पेये वर आहे (पगारातूनच टॅक्स कापला जातो), इथे कधी रिटर्नच भरलं नाही. आता घाम फुटलाय.

थेम्सकाठी

घाबरू नका, तुम्ही एकटे नाही, निम्मं मराठी मंडळ ह्यात आहे. पूर्वी बाहेरचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंडांच्या आत असेल आणि इथे आणलं नसेल तर आपोआप सूट होती, कोणाला सांगायची गरज नव्हती. तुमचं भाडंच अडीच लाखाच्या वर, त्यात एफडी, त्यामुळे ती मर्यादा बहुतेक ओलांडलीये, पण वर्षावर्षाने बघावं लागेल. एचएमआरसीची वर्ल्डवाइड डिस्क्लोजर फॅसिलिटी आहे, २०१६ पासून, तिथे आपण होऊन सांगायचं. भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट भाड्यावर मिळेल, व्याजावर नाही मिळणार कारण तिथे भरलाच नाही. आपण होऊन गेलं तर पेनल्टी बरीच कमी बसते. पत्र आल्यावर गेलात तर वेगळं चित्र. आणि पत्र येतंच, कारण सीआरएस ह्या कराराखाली भारत आणि यूके दोघं २०१७ पासून एकमेकांना बँक खात्यांची माहिती पाठवतायत. तुमच्या एनआरई एफडीचं व्याज एचएमआरसीला बहुधा तुमच्याआधी माहिती आहे. बाहेरच्या उत्पन्नासाठी ते १२ वर्षं मागे जाऊ शकतात, म्हणून निघायच्या आधी हे मिटवा, निघून गेल्याने सुटत नाही.

ह्यासाठी दोन्हीकडचं कळणारा माणूस धरा. नुसता इथला अकाउंटंट भारताचं बघत नाही आणि नुसता पुण्याचा सीए इथलं बघत नाही.

खडूस_काका

मी सगळं वाचलं. एक विचारतो, राग मानू नका. आईवडील वाट बघतायत म्हणून परत येताय ना, मग जून का ऑक्टोबर हे आता टॅक्सवाले ठरवणार का? आमच्या वेळी माणूस बॅगा भरायचा आणि यायचा.

जमाखर्च

काका, तुमच्या वेळी परदेशी खात्याचा तपशील नाही दिला म्हणून १० लाखाचा दंड नव्हता. पण मुद्दा खरा आहे, घरच्यांपेक्षा टॅक्स मोठा नाही. तारखा माहीत असाव्यात, मग ठरवावं.

तर रीडिंगवाले, दिवस मोजायला घ्या. रेसिडेंट कोण हे पासपोर्टवरून किंवा ओसीआय कार्डवरून ठरत नाही, आर्थिक वर्षात भारतात किती दिवस होतात त्यावरून ठरतं. १८२ दिवस भरले की रेसिडेंट. (६० दिवस आणि मागच्या ४ वर्षांत ३६५ दिवस असाही एक नियम आहे, पण तुम्ही वर्षाला तीन आठवडे येत असाल तर तो तुम्हाला लागत नाही.) आता रेसिडेंटमध्ये दोन प्रकार. एक पक्का रेसिडेंट, त्याला जगभरच्या उत्पन्नावर टॅक्स. दुसरा आरएनओआर, म्हणजे रेसिडेंट आहे पण अजून मुरलेला नाही असं समजा, त्याच्या परदेशातल्या भाड्यावर, व्याजावर, नफ्यावर भारतात टॅक्स नाही. मागच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं नॉनरेसिडेंट असाल, किंवा मागच्या ७ वर्षांत मिळून भारतात ७२९ दिवस किंवा कमी असाल, तर तुम्ही आरएनओआर.

तुम्ही १५ जून २०२६ ला आलात असं धरू. २०२६-२७ मध्ये २९० दिवस, रेसिडेंट, पण मागची दहाही वर्षं बाहेर म्हणून आरएनओआर. २०२७-२८ मध्ये मागच्या दहातली नऊ बाहेर, परत आरएनओआर. २०२८-२९ मध्ये दहातली आठच, मग ७२९ ची कसोटी. २९० अधिक ३६६ (२०२८ लीप वर्ष आहे, तो दिवससुद्धा मोजला जातो बरं) झाले ६५६, वर आधीच्या पाच वर्षांच्या सुट्ट्या, वर्षाला २५ धरा, १२५. एकूण ७८१. गेली सवलत, तुम्ही पक्के रेसिडेंट.

आता ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आलात तर, ५ ऑक्टोबर धरा, मार्चअखेर १७८ दिवस होतात. आधी गणपतीला १५ दिवस येऊन गेलात तर १९३, रेसिडेंट पण आरएनओआर. नाही आलात तर त्या वर्षी सरळ नॉनरेसिडेंट. दोन्हीत २०२८-२९ चं वर्ष आरएनओआरमध्ये बसतं (पहिल्यात १९३ अधिक ३६६ अधिक १२५, म्हणजे ६८४, दुसऱ्यात दहातली नऊ वर्षं बाहेर). म्हणजे साडेतीन महिने उशिरा येऊन एक अख्खं जादा वर्ष मिळतं. त्या वर्षाचा उपयोग काय ते पुढे सांगतो. तुमचं ऑफिस सप्टेंबर म्हणतंय ते अनवधानाने तुमच्या फायद्याचं बोलतंय.

फ्लॅटसाठी एक खबरदारी. परत आल्यावर लगेच विकायला काढू नका. त्या वर्षाचे १८२ दिवस पूर्ण व्हायच्या आधी घेणारा विचारणार की तुम्ही रेसिडेंट कशावरून, आणि त्याचं बरोबर आहे, वर पोळलेल्या ताईंचं वाचा. ऑक्टोबरात आलात तर फ्लॅट २०२७-२८ मध्ये विका, तोवर तिकडचा यूके रेसिडेन्सचा प्रश्नही सुटलेला असेल. तेव्हा ५४ लावा हवं तर, तेव्हा वरून ८,१०० पौंड मागायला कोणी नसेल. ५४ साठी नवीन घर विक्रीच्या आधी १ वर्ष किंवा नंतर २ वर्षांत घ्यायचं, त्यामुळे आईबाबांजवळचा फ्लॅट आधी घेतला तरी चालतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, कलमांचे नंबर सगळे वेगळे, ५४ ला ५४ म्हणणारे आपणच शेवटचे.

थेम्सकाठी

जमाखर्चांना दुजोरा. फक्त दोन गोष्टी इकडच्या. स्प्लिट इयर म्हणजे वर्षाच्या मधेच यूके सोडलं तर पुढच्या भागात नॉनरेसिडेंट धरतात, ते आपोआप नाही, अटी आहेत, पी८५ (यूके सोडल्याचा फॉर्म) भरा आणि त्या वर्षाचं रिटर्न भरा. आणि ५ वर्षांच्या आत परत यूकेत राहायला आलात तर मधल्या काळात विकलेल्या फ्लॅटचा नफा इथे पकडतात. "नाही जमलं तर परत येऊ" असं मनात असेल तर हे लक्षात ठेवा. तसंही आयएलआर दोन वर्षं बाहेर राहिलं की जातंच.

दुबईकर_९

मधेच घुसतो सॉरी. मी दुबईत, इथे पर्सनल टॅक्स नाही, मग मला भारतात कुठेच टॅक्स न भरणारा म्हणून रेसिडेंट धरतात असं ऐकलं ते खरं का? पगारावर लागणार का??

जमाखर्च

भारतातलं उत्पन्न (भाडं, व्याज, नफा वगैरे) १५ लाखाच्या वर असेल तरच. असलं तरी तुम्ही आरएनओआर धरले जाता, म्हणून दुबईच्या पगारावर लागत नाही. पण १५ लाखाच्या वर असाल तर भारतात येताना १२० दिवसांवर लक्ष ठेवा, तुमच्यासाठी तो आकडा १८२ चा १२० होतो. मागच्या चार वर्षांत ३६५ दिवस झाले असतील तर.

जमाखर्च

आता राहिलेला भाग, रीडिंगचं घर आणि आयसा. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात कारण आल्या आल्या काहीच होत नाही. पहिली दोनतीन वर्षं आरएनओआर म्हणून काही भरायचं नसतं, काही दाखवायचं नसतं, मग सवय लागते, आणि पक्का रेसिडेंट झाल्याचं वर्ष कधी आलं ते कळतच नाही.

त्या वर्षापासून रिटर्नमध्ये शेड्यूल एफए भरायचं. परदेशातलं घर, बँक खाती, शेअर्स, पेन्शन, सगळं. उत्पन्न शून्य असलं तरी. नाही भरलं तर ब्लॅक मनी कायदा, २०१५ चा, वर्षाला १० लाख दंड. ऑक्टोबर २०२४ पासून एवढी सूट दिलीये की घर सोडून बाकी मालमत्ता मिळून २० लाखाच्या आत असेल तर तो दंड नाही. तुमच्याकडे घर आहे, आयसा २० लाखाच्या वर असणार, सूट विसरा. ह्यात काळा पैसा कुठे आला असं वाटेल, पण कायद्याचं नाव तेच आहे आणि पगारातून घेतलेलं घरसुद्धा त्याच खान्यात बसतं.

आणि वर्षांची गंमत बघा. यूकेचं वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. आपलं १ एप्रिल ते ३१ मार्च. शेड्यूल एफए मात्र जानेवारी ते डिसेंबर. एकाच घराचं भाडं तीन वेगवेगळ्या चौकटीत बसवायचं. तिकडच्या एजंटचं वार्षिक स्टेटमेंट डोळे मिटून कॉपी केलं की एकही आकडा जुळत नाही. मी माझ्या एका नातेवाइकांचं हे करून देतो, दर जुलैत आमची भांडणं होतात. महिन्यावार एक शीट ठेवा, महिने हव्या त्या चौकटीत बेरीज करता येतात, वर्षं नाही येत.

घर भाड्याने दिलंत तर यूकेत टॅक्स लागतोच, तुम्ही कुठेही राहा, घर तिथे आहे. भारतात पक्के रेसिडेंट झाल्यावर इथेही दाखवायचं, ३० टक्के स्टँडर्ड डिडक्शन इथे परदेशातल्या घरालाही मिळतं, मग यूकेत भरलेल्याचं क्रेडिट घ्यायचं, त्यासाठी फॉर्म ६७. फॉर्म विसरलात की क्रेडिट अडकतं. घर ठेवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, बाहेर राहत असताना घेतलंय म्हणून फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) कलम ६(४) मध्ये चालतं.

पण खरं सांगू का, मी तुमच्या जागी असतो तर ते घर २०२८-२९ संपायच्या आत विकलं असतं. कारण परत आलेल्या माणसाच्या मालमत्तेची किंमत भारत नव्याने मोजत नाही. पक्के रेसिडेंट झाल्यावर विकलंत की २०१९ च्या मूळ खरेदीपासूनचा सगळा नफा भारतात येतो, तुम्ही तिथे स्वतः राहत होतात ती वर्षं धरून. आरएनओआर असताना विकलं तर भारतात काही नाही. आयसाचं तसंच. आयसा तिकडे टॅक्सफ्री, इथे ते साधं शेअर्सचं खातं. निदान आरएनओआरच्या शेवटच्या वर्षी विकून परत घेऊन टाका, म्हणजे खरेदीची किंमत आजची होईल. तुम्हाला जे एक वर्ष जादा मिळतंय म्हटलं ते ह्यासाठी. पेन्शनसाठी कलम ८९ए आहे, यूके, अमेरिका आणि कॅनडाला लागू आहे, फॉर्म १०-ईई भरला की दरवर्षीच्या वाढीवर नाही, काढाल तेव्हाच टॅक्स.

एनआरई एफडी मात्र परत आल्यावर तशीच ठेवू नका. बँकेला सांगून बदलून घ्या, कायमचं परतलात की ते व्याज करपात्र होतं, आरएनओआर असलात तरी. परकीय चलनात ठेवायचं तर आरएफसी खातं काढा, तिथलं व्याज आरएनओआर असेपर्यंत माफ.

थेम्सकाठी

भर घालतो. घर भाड्याने द्यायचं तर जायच्या आधी नॉनरेसिडेंट लँडलॉर्डचा एनआरएल१ फॉर्म भरा, नाहीतर एजंट भाड्यातून २० टक्के कापत राहील. मॉर्गेजच्या व्याजाचं इथे फक्त २० टक्क्यांचं क्रेडिट मिळतं हे धरून भाडं परवडतं का बघा, बऱ्याच जणांना परवडत नाही आणि कळतं दोन वर्षांनी. एचएमआरसीच्या वेबसाइटवरून नॉनरेसिडेंटचं रिटर्न भरता येत नाही, एसए१०९ पानं तिथे नाहीत, बाहेरचं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं नाहीतर कागदावर, आणि कागदाची मुदत ३१ ऑक्टोबर, ऑनलाइनसारखी ३१ जानेवारी नाही. विकाल तेव्हा विक्री पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत रिपोर्ट करायचं, टॅक्स शून्य असला तरी. राहत होतात त्या वर्षांची सूट मिळेल, वर शेवटचे ९ महिने.

रीडिंगवाला

सगळ्यांचे खूप आभार, तुम्ही लोकांनी फी घ्यायला हवी होती. काल हे सगळं बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली म्हणजे ऑक्टोबर, आणि मुलीच्या शाळेचं काय. पुण्यात दोन शाळांना मेल टाकलाय की अर्ध्या वर्षात घेतात का, उत्तर आलं की ठरवू. काका, तुमचं मनाला लागलं, आईशी बोललो, ती म्हणाली दिवाळीला तर येताय ना मग झालं. ऑक्टोबर म्हणजे दिवाळीच्या आधी पोचतोच.

गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगितलं. टॅन म्हटल्यावर म्हणाला माझ्या मेव्हण्याला विचारतो, तेव्हापासून फोन नाही. मला बरंच वाटलं.

एचएमआरसीचं आधी मिटवतोय. दोन्हीकडचं बघणारी एक बाई मिळाली आहे, तिने पहिलं काय मागितलं तर २०१५ पासूनची एनआरओ आणि एनआरई खात्यांची स्टेटमेंटं. बँकेच्या नेटबँकिंगवर मागची तीन वर्षंच दिसतात, बाकीची शाखेत जाऊन मागायची म्हणे. बाबांना पाठवतोय अथॉरिटी लेटर देऊन.

एकच राहिलं, भाडेकरूला ३१.२ टक्के कापायला कसं सांगू? बिचारा साधा माणूस आहे, टॅन म्हटलं तर घर सोडून जाईल.

एकदा_पोळलेली

सांगा तर खरं. सध्याचं ॲग्रीमेंट कधी संपतंय? नवीन करताना त्यात लिहा, आणि टॅन काढायचे, तिमाही रिटर्नचे पैसे तुम्ही द्या, तुमच्या सीएलाच त्याचं २७क्यू भरायला सांगा. आमच्याकडे तसंच केलंय एका मालकाने. तो भाडेकरू अजून आहे, टॅक्समधलं आता मालकापेक्षा त्यालाच जास्त कळतं.